चुकांचे कपाट

६ मे १९४९ रोजी केंब्रिजच्या 'एडसॅक' या गणकयंत्राने वर्गसंख्यांचा तक्ता छापला. त्याच वर्षी त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी १२६ ओळींची आज्ञावली लिहिली, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी. तिच्यात निघाल्या वीसेक चुका! आपलं बरंचसं आयुष्य आता स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना उमगलं.

मग त्यांनी काय केलं? पारखून घेतलेल्या छोट्या आज्ञावल्या कागदी फितींवर भोकं पाडून कपाटात ठेवल्या. नवशिक्यानं यावं, हव्या त्या फितीची नक्कल आपल्या कामात जोडावी. १९५१ साली त्यांचं पुस्तकही निघालं.

गुरुजी, एकाची सुधारलेली चूक अशी दहाजणांच्या उपयोगी पडते. तेव्हा मुलाची चूक नुसती खोडू नका. तिचा उलगडा फळ्यावर मांडा.