भुलीपूर्वीची सही

वैद्याने सांगावे आणि रोग्याने मुकाट्याने ऐकावे, ही रीत सर्व देशांत फार जुनी आहे. तिच्यामागे वैद्याचा दुष्टावा नव्हता. पुष्कळदा कळकळच होती. परंतु देह ज्याचा, त्याला निर्णयात स्थान असावे की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकात उभा राहिला. स्तनाच्या कर्करोगाच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढून टाकण्याची ही पद्धत अमेरिकेत कित्येक दशके प्रमाण मानली गेली. पुढे तिला एक प्रघात जोडला गेला. गाठ घेऊन आलेल्या स्त्रीला भूल देत. गाठीचा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. आणि कर्करोग आढळला, तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. संमतीची सही आधीच घेतलेली असे. आपल्याला कर्करोग आहे की नाही, हे झोपी जाताना तिला ठाऊक नसे. जागी झाल्यावर छातीवरील पट्टीवरून ते कळे. सही तिची होती, निर्णय तिचा नव्हता.

१९७४ मध्ये रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार स्त्रीने हा प्रघात नाकारला. आधी केवळ तपासणी करा, पुढचे मग विचार करून ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण ते मान्य करणारा डॉक्टर मिळविताना त्यांना फार शोध घ्यावा लागला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर मात्र तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत झाली. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञमंडळाने या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी कराव्यात, अशी शिफारस केली. त्या मंडळात कुशनरही होत्या.

१९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. केवळ गाठ काढून किरणोपचार केलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगत होत्या. आता दोन मार्ग समोर होते. एखादीला स्तन वाचवावासा वाटेल, एखादीला किरणोपचारांचे आठवडे टाळावेसे वाटतील. शल्यविशारदाचे ज्ञान येथे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. स्त्रीचे मनही विचारात घ्यावेच लागणार होते. वैद्य आणि रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा, हे तत्त्व अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीय आयोगाने १९८२ मध्येच मांडले होते.

भारतातही हा प्रश्न न्यायालयात गेला. तपासणीसाठी संमती दिलेल्या दिल्लीतील एका स्त्रीचे गर्भाशय, ती भुलीत असताना, तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्णाच्या वतीने आईची संमती चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला.

तरीही केवळ निकालाने रीत बदलत नाही. घाईघाईत पुढे सरकविलेला कागद आजही जुनीच सही ठरू शकतो. निदान आणि उपचार यांच्यामध्ये समजून घेण्यास, घरी बोलण्यास आणि पुन्हा विचारण्यास थोडा अवधी हवा. त्या स्त्रियांनी झगडून मिळविला तो हा अवधी. संमतीला अर्थ येतो तो त्यातूनच.