विचारायला काय जातं?

मी रस्ता विचारत नाही. तीच गल्ली तिसऱ्यांदा समोर आली की सौभाग्यवती म्हणते, "अहो, त्या पानवाल्याला विचारा ना!" अशा वेळी मला रॉबर्ट ओ'हारा बर्क आठवतो.

हा आयरिश गृहस्थ ऑस्ट्रेलियात पोलीस अधिकारी होता. रानाचा अनुभव शून्य. तरी मेलबर्नकरांनी अख्खा खंड दक्षिणोत्तर ओलांडायला त्यालाच धाडलं. २० ऑगस्ट १८६० रोजी लवाजमा निघाला. १९ माणसं, २३ घोडे, २६ उंट आणि सुमारे २० टन सामान. त्यात ओकचं टेबल होतं, खुर्च्या होत्या. बरेचसे उंट कराचीहून आणलेले. त्यांच्यासाठी ६० गॅलन रम! (उंटांनी मागितली नव्हती.)

कूपर्स क्रीकला तळ ठेवून बर्क, विल्स, किंग आणि ग्रे पुढे गेले. उत्तर किनाऱ्याजवळ पोचले, पण दलदलीपायी समुद्र काही दिसला नाही. परतताना ग्रे वारला. त्याला पुरण्यात एक दिवस गेला. २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी तिघे तळावर आले, तर चार महिने वाट पाहून मंडळी त्याच सकाळी निघून गेलेली! झाडावर 'खणा' असं कोरलेलं. खाली शिधा आणि चिठ्ठी. यांनी शिधा काढला, आपली चिठ्ठी पुरली, खड्डा नीट बुजवला आणि झाडावर नवी खूण न करताच निघाले. पंधराएक दिवसांनी तळवाले परत येऊन पाहतात तो सगळं जसंच्या तसं. गेले बिचारे.

गंमत म्हणजे ही माणसं चुकलेली नव्हतीच. विल्स पक्का मोजणीदार. आपण नकाशात कुठे आहोत हे त्याला ठाऊक होतं. तिथे जगायचं कसं, एवढंच ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक असणारे यान्द्रुवान्दा लोक शेजारीच राहत. ते मासे देत, नारडूच्या भाकऱ्या देत. बर्कने एकदा त्यांना हाकलायला पिस्तूल झाडलं.

मग या साहेबांनी नारडू स्वतःच गोळा केलं. त्यातलं एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्व नासवतं, हे आज कळतं. तिथल्या बाया ते भाजून, पाणी घालून वाटत. यांनी रीत विचारली नाही. पोटभर खात गेले नि खंगत गेले. जूनअखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही गेले.

किंग मात्र उठून त्या लोकांकडे गेला. त्यांनी त्याला घरच्यासारखं सांभाळलं. सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला, निव्वळ सापळा उरलेला.

हे सगळं मी सौभाग्यवतीला गल्लीतच ऐकवलं.

"बरं," ती म्हणाली, "पानवाला अजून बसलाय."