खांदेरीची गलबते: १६७९ मध्ये नेमके काय घडले?

१८ ऑक्टोबर १६७९ ची पहाट. थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी बेटाच्या उत्तरेस आठ इंग्रजी नौका नांगर टाकून उभ्या होत्या. त्यांत ‘रिव्हेंज’ ही फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे होते, आणि त्यांवर सुमारे दोनशे सैनिक होते. उजाडता उजाडता चौल-नागावच्या बाजूने मराठ्यांची गलबते आली. इंग्रजी कागदांत त्यांची संख्या पन्नास-साठ सांगितली आहे. ती इतक्या वेगाने आली, की लहान इंग्रजी नौकांना नांगर उचलण्याचीही पुरती उसंत मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाची गुराब झेंडा उतरवून मराठ्यांच्या स्वाधीन झाली. दुसरी गुराब लढाईपासून दूरच राहिली आणि उरलेल्या पाच नौका पळून गेल्या.

समाजमाध्यमांवर फिरणारी कथा बहुधा येथेच थांबते. खाली जयघोष येतो आणि पुढची नोंद सुरू होते. त्या दिवसाची लढाई मात्र येथे थांबली नव्हती.

एकटी पडलेली ‘रिव्हेंज’ गलबतांच्या गराड्यात सापडली होती. तिच्यावर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन हे अधिकारी होते. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून शहर ताब्यात घेतो, पण ती स्वतंत्र कथा आहे.) फ्रिगेटच्या जड तोफांपुढे गलबतांच्या हलक्या लाकडाचा टिकाव लागला नाही. पाच गलबते बुडाली, असे इंग्रज सांगतात. उरलेले आरमार माघारी फिरले आणि ‘रिव्हेंज’ने खाडीच्या तोंडापर्यंत त्याचा पाठलाग केला. तेथे पाणी उथळ झाले. गलबते खाडीत शिरली, फ्रिगेट बाहेरच राहिली. दोन दिवसांनी गलबते पुन्हा बाहेर आली आणि ‘रिव्हेंज’ दिसताच परतली.

म्हणजे त्या दिवसाची समोरासमोरची झुंज मराठ्यांनी जिंकली नव्हती. असे असूनही खांदेरी मराठ्यांकडे राहिली, ती कशी? उत्तर शोधण्यासाठी आधी बेट आणि मग नौका नीट पाहावी लागते.

खांदेरी मुंबई बंदराच्या दक्षिण तोंडाशी आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात इंग्रजांच्या संमतीने माझगावच्या आश्रयाला राहत असे आणि तेथून निघून मराठ्यांच्या किनाऱ्यावरील गावे लुटत असे. सिद्दीवर आणि इंग्रजांवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवायची, तर खांदेरीसारखी दुसरी जागा नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये तेथे बांधकामाचा पहिला प्रयत्न केला. इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. १६७९ च्या ऑगस्टमध्ये मायनाक भंडारी पुन्हा बेटावर उतरला. त्याच्यासोबत सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा होत्या. पावसाळा अजून सरलेला नव्हता आणि खवळलेल्या समुद्रात मोठी जहाजे बंदराबाहेर काढणे अवघड होते. मुहूर्त विचारपूर्वक निवडलेला दिसतो.

इंग्रजांनी बेटावर हक्क सांगितला आणि शिबाडे पाठवून वेढा घातला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो मारला गेला. त्यानंतर ‘रिव्हेंज’ आणि इतर नौका आल्या आणि एका लहानशा खडकाळ बेटाभोवती पहारा सुरू झाला.

आता गलबत. आज मराठीत ‘गलबत’ म्हटले की कोणतेही शिडाचे जहाज डोळ्यांसमोर येते, अगदी कवितेतलेही. सतराव्या-अठराव्या शतकात मात्र तो एका विशिष्ट युद्धनौकेचा प्रकार होता. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे, त्यातून गलबताची रचना स्पष्ट होते. वजन सहसा ७० टनांच्या आत. डोलकाठ्या दोन, मागची अगदी किरकोळ, पुढच्या मुख्य डोलकाठीवर एक प्रचंड त्रिकोणी शीड. दोन्ही बाजूंना मिळून ४० ते ५० वल्ही. वारा पूर्ण पडला तरी केवळ वल्ह्यांवर ताशी चार मैलांचा वेग. काहींना पक्की फळ्यांची पाटातन असे; बहुतेकांवर मात्र चिरलेल्या बांबूंचे आच्छादन. त्यावर फिरत्या खुंटीवरच्या लहान तोफा, म्हणजे जंबुरे. मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा-आठ तोफा.

बांबूचे आच्छादन वाचून हसू येण्याची शक्यता आहे. ‘रिव्हेंज’च्या एका गोळ्याने गलबताचे काय होत असेल, याची कल्पना करणेही अवघड नाही. पण वजनाचा प्रत्येक शेर वेगातून वजा होतो, हे कोकणच्या सुताराला ठाऊक होते. त्याने संरक्षण कमी केले आणि बदल्यात वेग, उथळ तळ आणि वाऱ्यापासून स्वातंत्र्य मिळवले. युरोपीय जहाज वारा पडला की जागच्या जागी तरंगत राही. ऑक्टोबरनंतर कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दिवस चढला की तो पडतो आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. मधली निर्वाताची वेळ वल्हेकऱ्यांची. १८ ऑक्टोबरचा हल्ला पहाटे झाला, यामागे वाऱ्याचा असाच हिशेब असावा.

गलबताची जोडीदार गुराब. ती १५० ते ३०० टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची आणि पुढे निमुळती होत गेलेली असे. नाळेवर नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा बसवलेल्या. वारा पडल्यावर गलबते दोर लावून गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात आणि पिछाडी तुलनेने उघडी असते. गुराबा दुरून डोलकाठ्या आणि शिडे फोडीत. शत्रू लंगडा झाला, की माणसांनी भरलेली गलबते चहूबाजूंनी भिडत आणि तलवारी घेऊन खलाशी वर चढत. आठ-दहा गुराबा आणि ४०-५० गलबते मिळून आंग्र्यांचे मुख्य आरमार होई.

खांदेरीला मात्र गलबतांचे खरे काम लढाईपेक्षा वेगळे होते. बेटावर अन्न, दारूगोळा, चुना आणि माणसे पोहोचवायची होती. थळचा किनारा जवळ होता आणि रात्री मोठ्या होत्या. फ्रिगेट अंधारात उथळ पाण्यात शिरू शकत नव्हती. मागे पाठवलेली शिबाडे वेगात कमी पडत. मराठ्यांच्या लांब-अरुंद होड्या पहाऱ्यातून निसटून जातात आणि त्यांना गाठता येत नाही, ही तक्रार इंग्रजांच्या पत्रांतून वारंवार येते. दिवसा फ्रिगेटचे राज्य आणि रात्री वल्ह्यांचे. वेढा कागदावर होता. बेटावरची भिंत मात्र उंच होत गेली.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासमचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले. त्याला बेट इंग्रजांसाठी नव्हे तर स्वतःसाठी हवे आहे, हे इंग्रजांच्या लवकरच लक्षात आले. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली. तिच्यावरच्या मराठ्यांच्या हल्ल्यात आरमाराचा सेनानी दौलतखान जखमी झाला आणि उंदेरी काही परत मिळाली नाही. दरम्यान सुरतेच्या कंपनी अधिकाऱ्यांना खर्च आणि व्यापाराचे नुकसान डोईजड वाटू लागले होते. अखेर मार्च १६८० मध्ये इंग्रजांनी समेट केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत आरमाराने निभावलेली ही शेवटची मोठी मोहीम.

दोन नावांकडे येथे क्षणभर पाहणे आवश्यक आहे: मायनाक भंडारी आणि दौलतखान. आरमार हे किनाऱ्यावरच्या भंडारी, कोळी आणि मुसलमान दर्यावर्दींच्या कौशल्यावर उभे होते. त्यांच्यापैकी वल्ह्यांवर बसलेल्या एकाचेही नाव कागदात नाही. बुडालेल्या पाच गलबतांवर किती जण होते, त्यांची गावे कोणती, याची नोंद कोणी ठेवली नाही. देशावरच्या वाचकाला, उदाहरणार्थ तलवाड्याच्या तरुणाला, स्वराज्य म्हटले की घोडा आणि डोंगरी किल्ला आठवतो. ते स्वाभाविक आहे. पण त्याच राज्याचा एक भाग असा होता, ज्याच्या सैनिकाने कदाचित आयुष्यात घोड्यावर मांड टाकली नसेल.

लहान नौकांवरचा हा विश्वास ही तात्पुरती सोय होती, की विचारपूर्वक ठरवलेले धोरण? याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. १७१५-१६ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. वाऱ्यावाचून जे हलत नाही असे अवाढव्य जहाज बांधूच नये, हाही स्पष्ट आदेश. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, म्हणजे एका तोफेच्या नौकेमागे तीन चपळ नौका. आरमाराचा खर्च राज्याच्या नेमणुकीतून व्हावा. लुटीवर सोपवला तर व्यापारी फिरकणार नाहीत आणि बंदरे ओस पडतील. मराठ्यांना सरसकट चाचे म्हणणाऱ्या इंग्रजी लेखकांनी हा भाग वाचलेला दिसत नाही.

लाकडाविषयीचा उतारा तर आरमाराच्या पलीकडचा आहे. सागवान परवानगीने तोडावे. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड हवे असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. जबरदस्ती नको. पावसाळी छावणीबाबतही हाच विवेक दिसतो: ती दरवर्षी एकाच बंदरात नको, नाहीतर खलाश्यांचा उपद्रव एकाच गावाला सोसावा लागेल, आणि ती मोठ्या दुर्गाच्या आश्रयाने असावी.

या शेवटच्या सूचनेचा पुढचा इतिहास क्लेशकारक आहे. कान्होजी आंग्र्यांनी हेच तंत्र टोकाला नेले. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाही त्यांनी पकडली. १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांना गाठले. मोठी दोन जळाली, तिसरे हाती लागले. पण हे सारे उघड्या समुद्रावर, हलत्या नौकांचे यश होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य विजयदुर्गावर आले, आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांचे सैन्य त्यांच्याच जोडीला होते. आंग्र्यांच्या नौका किल्ल्याखाली एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. एका जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले. हलक्या नौकेची सगळी ताकद तिच्या हालचालीत. दावणीला बांधलेली गलबते म्हणजे नुसता बांबू, काथ्या आणि तेल मुरलेले सागवान. किल्ला दुसऱ्या दिवशी पडला. पेशव्यांनी इंग्रजांची मदत का घेतली, यावर आजही वाद होतो. पण त्या संध्याकाळी अरबी समुद्रावरची मराठ्यांची सर्वांत मोठी ताकद संपली, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

लहान युद्धनौकांचा विषय निघाला की ४ डिसेंबर १९७१ ची रात्र हटकून आठवली जाते. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. त्यांचा पल्ला अपुरा असल्यामुळे मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत नेण्याचा सराव नौदलाने केला होता. गलबते गुराबांना ओढत. येथे क्रम उलटा. साम्य मनोरंजक आहे, परंतु त्याला ‘वारसा’ म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. त्या नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या आणि त्यांची कल्पना वेगळ्याच समुद्रांवर जन्मली होती.

खांदेरीवर आज १८६७ चे दीपगृह उभे आहे आणि कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. ज्या नौकांनी रात्रीच्या अंधारात चुना आणि धान्य वाहून खांदेरीची तटबंदी उभी राहू दिली, त्यांपैकी एकही कोणत्या संग्रहालयात पाहायला मिळत नाही. तिची वल्ही किती आणि तोफा केवढ्या, हे मुख्यतः ऑर्मसारख्या कंपनीच्या माणसांच्या लिखाणातूनच वाचावे लागते.