दिनविशेष : २८ नोव्हेंबर १९१८ – बुकोविना रुमानियात

ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळत असताना, त्याच्या पूर्व टोकावरील बुकोविना प्रांताच्या राजधानीत, चेर्नोविट्झ येथे १९१८ साली आजच्या दिवशी सर्वसाधारण परिषद भरली आणि तिने रुमानियात विलीन होण्याचा ठराव केला. रुमानियन सैन्य शहरात आधीच दाखल झाले होते, त्यामुळे निकालाची उत्सुकता फारशी कोणाला नसावी. जर्मन व पोलिश प्रतिनिधींनी पाठिंबा दिला, युक्रेनियन पुढारी दूर राहिले.

मोल्दाव्हियाचा हा जंगलपट्टा हॅब्सबर्गांनी १७७५ मध्ये तुर्कांकडून मिळवला, तेव्हा वस्ती लाखभरही नव्हती. पुढे जर्मन, पोलिश, हंगेरियन, ज्यू असे सगळेच येऊन स्थिरावले. १९१०च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती. त्यात रुथेनियन, म्हणजे आजचे युक्रेनियन, सुमारे ३८ टक्के, रुमानियन ३४ आणि जर्मन २१. या शेवटच्या आकड्यात मात्र मोठी मेख आहे. जनगणना धर्माबरोबर रोजच्या वापराची भाषा विचारी, पण यिडिशला त्या यादीत स्थानच नव्हते. परिणामी लाखभर ज्यूंपैकी बहुतेक जण ‘जर्मन’ ठरले. कवी पॉल सेलान १९२० मध्ये चेर्नोविट्झमधल्या अशाच एका जर्मनभाषक ज्यू कुटुंबात जन्मला.

जून १९४० मध्ये सोव्हिएत संघाने उत्तर भाग घेतला. महायुद्धात ज्यूंची हकालपट्टी आणि हत्याकांड झाले, त्याआधीच बहुतेक जर्मनांना हिटलरच्या राजवटीने ‘मायदेशी’ नेले होते. आज उत्तर बुकोविना युक्रेनमध्ये, दक्षिण बुकोविना रुमानियात आहे.