तळटीप ७ : क्यूसू आणि चावान

७. बंगळुरूजवळच्या बिडदी येथे टोयोटा किर्लोस्करचा मोटार कारखाना आहे (कंपनीची स्थापना १९९७). तिथल्या जपानी सहकाऱ्याच्या घरी घेतलेल्या चहाला लेखक ‘चहाविधी’ म्हणतात. वर्णनावरून मात्र तो रोजचा साधा सेन्चा दिसतो. खूण भांड्यातच आहे. चोचीशी काटकोनात दांडा असलेली ती लाल मातीची छोटी किटली म्हणजे क्यूसू. दांडा मुठीत, अंगठा झाकणावर, मनगट जरासे वळवले की चहा उतरतो. अशा किटल्यांसाठी नावाजलेले तोकोनामे हे टोयोटा शहराच्याच आइची प्रांतात आहे. तेव्हा ती बिडदीपर्यंत आली यात नवल नाही. पाणी सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअस. उकळते घातले की चहा कडवट होतो. (आले-वेलदोड्याचा विचारही करू नये.) बिनकानाचा उभा पेला तो युनोमी.

माच्चाच्या चहाविधीत किटलीतून चहा ओततच नाहीत. चावान या रुंद वाडग्यात हिरवी पूड आणि गरम पाणी घालून चासेनने फेस येईपर्यंत घुसळतात. चासेन ही बांबूच्या एकाच कांड्यातून चिरून काढलेली, आपल्या रवीच्या कामाची वस्तू. पाहुणा वाडगा तळहातावर घेऊन किंचित फिरवतो. दर्शनी बाजूला ओठ लावायचे नसतात. पुढे लेखकाने ‘बेढब’ ठरवलेला काळा वाडगा बहुधा राकू घाटाचा असावा. चाकाविना, हाताने घडवलेल्या या वाडग्यांना सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूने प्रतिष्ठा दिली. तो बेढबपणा हेतुपुरस्सर असतो.