गल्लीत आलेले अद्भुत

मागच्या बाकावर पाठ्यपुस्तकाच्या आड दुसरेच काही चालले आहे, हे फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मास्तराला पाठीनेच कळते. पुस्तक जप्त केले. दहावीतल्या त्या मुलीच्या भावाने बंगळूरहून आणलेली इंग्रजी कादंबरी होती : बेन ॲरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन' (२०११). रात्री जेवणानंतर सहज उघडली आणि दिवा मालवला तेव्हा दीड वाजून गेला होता.

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये खून होतो. पहाऱ्यावरच्या नवशिक्या पोलीस शिपायाला साक्षीदार मिळतो, पण तो निघतो भूत! मग हा शिपाई नाइटिंगेल नावाच्या जादूगार अधिकाऱ्याचा शागीर्द होतो. शहरातल्या नद्या देवतांच्या रूपाने त्याला भेटतात आणि त्यांतलीच एक नदीकन्या त्याच्या मनात भरते. खून, जादू आणि प्रेम अशी ही तिहेरी वेणी. मुलांना हा प्रकार अगदी नवा वाटतो. मला मात्र एम.ए.च्या वर्गात हरिभाऊ आपट्यांच्या संदर्भात ओझरते ऐकलेले एक नाव आठवले : रेनॉल्ड्स.

जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) याने ऑक्टोबर १८४४ पासून 'मिस्टरीज ऑफ लंडन' ही कादंबरी दर आठवड्याला एका पेनीच्या अंकातून द्यायला सुरुवात केली. नमुना पॅरिसचा होता. तिथे युजेन स्यू याची 'पॅरिसची रहस्ये' १८४२-४३ मध्ये दैनिकातून आली होती आणि तिच्यातला राजपुरुष कामगाराच्या वेषात गल्ल्यांतून हिंडत होता. रेनॉल्ड्सची सुरुवात पाहा. वादळी रात्री स्मिथफील्डच्या बकाल वस्तीत एक सुंदर तरुण एका पडक्या घरात आसऱ्याला शिरतो. चोरांचे बोलणे त्याच्या कानी पडते आणि चोर त्याला चोरदारातून खाली फ्लीटच्या गटारात लोटून देतात. हा 'तरुण' म्हणजे पुरुषवेषातली तरुणी असते, हे वाचकाला मागाहून कळते. पेनी खर्च केलेला वाचक पुढचा अंक घेतल्यावाचून राहील कसा?

यात भूत नाही; पण १८४६-४७ मधल्या 'वॅग्नर द वेअरवुल्फ'मध्ये तीही उणीव नाही. एका एकाकी म्हाताऱ्याला तारुण्य आणि वैभव मिळते. अट एवढीच, की दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी सूर्य मावळला की त्याने लांडगा व्हायचे. फ्लॉरेन्स शहरात निसिदा ही मानी सुंदरी त्याच्यावर जीव जडवते. ती मुकी-बहिरी समजली जाते आणि ते सोंग तिने जाणूनबुजून घेतलेले असते. दोघे एकमेकांवर प्रेम करतात आणि दोघांच्याही पोटात गुपित.

आता हे आपल्याकडच्या तत्कालीन कादंबरीशेजारी ठेवून पाहावे. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. अद्भुत तिथेही आहे, प्रेमही आहे. पण ते राजवाड्यात, अरण्यात, कुठल्या तरी दूरच्या राज्यात. वाचकाच्या आळीत काही घडत नाही. रेनॉल्ड्सने अद्भुताला शहराच्या गल्लीत आणून बसवले, आणि ते तिथे रुजले याला कारण होते. १८०१ मध्ये लंडनची वस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास होती. १८५१ मध्ये ती तेवीस लाखांवर गेली. खेड्यात माणसाची सात पिढ्यांची कुंडली शेजाऱ्याला पाठ असते. तिथे गूढ फार दिवस टिकत नाही. शहरात भिंतीपलीकडे खोकणारा माणूस कोण, याचा पत्ता नसतो. लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांची वेगळी शाखा निघाली तीही १८४२ मध्येच, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. 'तू खरा कोण?' हा प्रश्न गुप्तहेर विचारतो तसाच प्रेमात पडलेला माणूसही विचारतो. रहस्यकथा आणि प्रेमकथा इतक्या सहज एकत्र नांदतात त्या एवढ्यासाठी. जादू त्या प्रश्नाला फक्त धार लावते.

विद्वानांनी रेनॉल्ड्सला हलका ठरवले, आणि त्यात भडकपणा आहे हे खरेच. पण हिंदुस्थानात त्याचा वाचक अफाट होता. प्रेमचंदांनी आपल्या लहानपणच्या आठवणींत त्याच्या उर्दू अनुवादांचा उल्लेख केला आहे. आपल्या हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'च्या धर्तीवर उतरली. पाचच वर्षांनी 'करमणूक' निघाले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः येऊ लागली. दर आठवड्याला वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावण्याची ती रीत मूळ पेनीच्या अंकांची, पण यमूचे दुःख मात्र अस्सल आपल्या वाड्यातले. पुढे गळगनाथांनी हरिभाऊंच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या. आमच्या भागात एकाच घरात सासूने त्या कन्नडमधून आणि सुनेने मराठीतून वाचल्या असतील, तर नवल नाही.

रेनॉल्ड्सच्या चोरदाराखालची ती फ्लीट म्हणजे मुळात नदीच. लंडनने तिचे गटार केले आणि वरून झाकून टाकले. ॲरोनोविचच्या मालिकेत तीच फ्लीट देवता होऊन बोलते.

सोमवारी मुलीला कार्यालयात बोलावून पुस्तक परत दिले. आता बोलणी बसणार, म्हणून ती खाली मान घालून उभी होती. मी विचारले, "हा नाइटिंगेल चाळिशीचा दिसतो, आणि म्हणतो जन्म १९०० चा. म्हणजे काय ग?"

"सर, तो वयानं उलटा चाललाय," ती एकदम म्हणाली. "पण का, ते अजून कळलं नाही. दादाकडं पुढचे भाग आहेत. दिवाळीत आणायला सांगू?"