फ्लिपरच्या आधीची बॅट

आज जाऊया १९३७च्या अमेरिकेत. शिकागोच्या रॉक-ओला कंपनीचं बेसबॉल मशीन आलं, ‘वर्ल्ड सिरीज’. नाणं टाकायचं, मशीन बॉल टाकणार, बॅट आपण फिरवायची.

तेव्हाच्या पिनबॉलमध्ये बॉल सोडला की फार तर मशीन हलवायचं, बाकी नशीब! १९४२ला न्यूयॉर्कने पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली. मेयर ला गार्डियांनी स्वतः हातोडा चालवला. पिनबॉलला फ्लिपर मिळाले १९४७ला, ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये. बंदी मात्र १९७६ला उठली, तीही रॉजर शार्पने कौशल्य दाखवल्यावर.

मी दिवसभर कोड लिहितो. त्या मशीनमध्ये कोडची एक ओळ नव्हती, पण इनपुट खेळणाऱ्याच्या हातात होता. ऑनलाइन गेम खेळ की जुगार, हा वाद ऐकला की मी आधी विचारतो, बॅट कोणाच्या हातात आहे? भेटूया पुढच्या भागात!